आमच्या फ्रिजमधला हिवाळा

तारखा प्रथम, कारण तारखांना मत नसते. श्रावणातला पहिला सोमवार: बिया ओल्या वाळूत घालून आमच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवण्यात आल्या. दिवाळीतली अमावास्या: सूर्यग्रहण, पनवेलपुरते खंडग्रास. बलिप्रतिपदा: विभागप्रमुखांची आमच्या घरी फराळानिमित्त भेट. तुळशीच्या लग्नाचा आदला दिवस: आत्याचे हिमालयातून आगमन. मार्गशीर्षातला एक गुरुवार: चौकशी समितीची बैठक. इसवी सन मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना तो माहीत असायला हवा त्यांना तो पक्का माहीत आहे, आणि ते तो विसरल्याचे नाटक किती सफाईने करतात हे मला पाहायचे आहे.

आता जबाबदार व्यक्ती. गावातले महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेचे तत्कालीन चिटणीस, जे आज तिचे अध्यक्ष आहेत. वनस्पतिशास्त्राचे तत्कालीन विभागप्रमुख, जे आज हयात नाहीत आणि म्हणून ज्यांचे नाव मी लिहिणार नाही, कारण मृताला उत्तर देण्याची संधी नसते. समितीचे तिसरे सदस्य, ज्यांनी अहवाल न वाचता त्यावर सही केली असे माझे ठाम मत आहे आणि जे मी सिद्ध करू शकत नाही. आणि, मर्यादित अर्थाने, माझे वडील. माझ्या आईचे नाव ह्या यादीत नाही. हे प्रकरण वाचून झाल्यावर कुणाला ते यादीत घालावेसे वाटेल, याची मला कल्पना आहे. ते घातले जाऊ नये एवढ्यासाठीच मी हे लिहायला बसलो आहे.

आमचे घर वडाळे तळ्याच्या मागच्या एका आळीत होते. वर एक खोली, खाली तीन, आणि गच्ची शेजारच्या घराशी सामाईक; मध्ये गुडघाभर उंचीचा कठडा. कठड्यापलीकडची गच्ची हमीदाचाचीची. तिचा नवरा कुवेतला होता, मुलगा उरण नाक्यावर घड्याळे दुरुस्त करीत असे, आणि तिच्या गच्चीवर बारा महिने काही ना काही वाळत पडलेले असे: सुकट, बोंबील, मिरच्या, गोधड्या. पहाटे अजान, मग दूधवाल्याच्या किटल्या, मग स्टँडवरच्या एसट्यांचे गुरगुरणे, असा आमचा दिवस सुरू होई. वारा तळोज्याच्या कारखान्यांकडून वाहू लागला की आई उठून खिडक्या लावून घेई. त्या वासाला तिने नाव दिले नव्हते. “आलं त्यांचं,” एवढेच ती म्हणे. ‘ते’ कोण, हे आम्हां सगळ्यांना कळत असे, आणि कारखान्यांना पत्रे लिहिण्याचा माझा परिपाठ त्या ‘त्यांचं’पासून सुरू झाला. तो अद्याप सुटलेला नाही. उत्तर मात्र आजवर एकाही पत्राला आलेले नाही.

वरच्या खोलीत सुधाआत्या राहत असे. ती बाबांची धाकटी बहीण, अविवाहित, आणि गावातल्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारी. तिच्या खोलीत पलंगाहून मोठी जागा दाबून वाळवलेल्या वनस्पतींच्या चळतींनी व्यापलेली होती. थंडीत शेतावर शेंगा भाजायला पोपटी लावली की ती आमच्याबरोबर येई. मडक्यात वालाच्या शेंगांच्या वरखाली भांबुर्ड्याचा पाला भरताना त्यातले एक पान बोटांत चुरून ती त्याचे लॅटिन नाव सांगे. त्यावर आई म्हणे, “वन्सं, नाव काही का असेना, शेंगांना वास लागला म्हणजे झालं.” ह्या दोघींचे जमत असे. नणंद-भावजयींचे इतके जमणे आमच्या नात्यातल्या पुष्कळांना संशयास्पद वाटे. त्यांच्यांत आपसांत काही देणेघेणे असावे, असा एका काकूंचा तर्क होता. तो चुकीचा होता. आत्या घरात कधीही आली तरी आई तिचे ताट झाकून ठेवत असे, आणि आई आजारी पडली की आत्या रजा घेई, एवढेच काय ते देणेघेणे.

आत्याचा विषय उंच पर्वतांवरच्या वनस्पती. जिथे झाडे वाढायची थांबतात त्याच्याही वर हिमालयात गवताळ उतार असतात. तिकडचे लोक त्यांना बुग्याळ म्हणतात. वर्षातले सहासात महिने ते बर्फाखाली असतात. बर्फ वितळला की वीतभरही न वाढणारी फुलझाडे घाईघाईने उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि पुन्हा बर्फाखाली जातात. उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रा नावाच्या मुलखात हेच घडते. पृथ्वी तापत चालली आहे, हे वाक्य त्या काळी पनवेलमध्ये कुणी उच्चारले असते तर त्याला वैशाखातल्या उकाड्याविषयीची तक्रार समजले गेले असते. आत्या ते वाक्य जेवताना, मीठ मागावे इतक्या सहजपणे उच्चारत असे. तिचा प्रश्न साधा होता: हिवाळा आखूड झाला तर ह्या बियांचे काय होते? त्यासाठी तिने एका उतारावरून वेचून आणलेले बी ओल्या वाळूत, थंडीत ठेवले. काही बरण्यांना लहान हिवाळा द्यायचा, काहींना मध्यम, काहींना पुरा, आणि मग एकेक गट उजेडात काढून पाहायचा. नॉर्वेतली एक बाई टुंड्रामधल्या बियांवर हाच प्रयोग त्याच वेळी करीत होती. दोघींचे निष्कर्ष शेजारी शेजारी मांडले जायचे होते. आत्याची डॉक्टरेट, तिच्या प्रकल्पाची मुदतवाढ, पुढच्या वर्षी त्या उतारावर पुन्हा जाण्याची परवानगी, सगळे त्या बरण्यांवर अवलंबून होते. बरण्या मुरंब्याच्या होत्या. त्या आईनेच दिल्या होत्या.

इथे वाचक विचारील की असल्या प्रयोगाच्या बरण्या घरच्या फ्रिजमध्ये का. उत्तम प्रश्न आहे. तो तेव्हाच समितीने विचारायला हवा होता. आत्याच्या प्रकल्पासाठी दिल्लीहून मंजूर झालेल्या निधीतून बियांसाठी एक शीतकपाट खरेदी झाले होते, आणि ते टेम्पोतून उतरवताना मी स्वतः हात लावला होता. पांढरे, माझ्या खांद्याइतके उंच, काचेच्या दाराचे. ते वनस्पतिशास्त्र विभागात चार दिवसही राहिले नाही. प्रयोगशाळेत प्लगची सोय नाही, या कारणास्तव ते तात्पुरते चिटणीसांच्या कचेरीबाहेर हलवण्यात आले. ‘तात्पुरते’ हा शब्द ज्या देशात सर्वाधिक टिकतो त्या देशात मी वकिली केली आहे. पुढच्या आठवड्यात आत्या बिया घेऊन तिकडे गेली तेव्हा त्या काचेच्या दाराआड थंड पेयांच्या बाटल्या आणि आम्रखंडाचे डबे होते. शिपायाने तिला सांगितले की साहेबांचे पाहुणे येतात, उन्हातून येतात. तिने विभागप्रमुखांकडे तक्रार केली. ते म्हणाले, “मॅडम, बिया काय, कुठेही राहतात.” प्लग बसवण्यासाठी तिने तीन अर्ज केले. प्लग पुढच्या वर्षी बसला, तेव्हा त्यात लावायला काही उरले नव्हते.

म्हणून श्रावणातल्या त्या सोमवारी आईने आमच्या फ्रिजचा सर्वांत खालचा खण रिकामा केला. बाबांच्या लाडक्या सोड्यांचा, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचा, डबा तिने बाहेर काढून शिंक्यावर टांगला, कारण बियांना वास लागेल अशी भीती आत्याला नव्हे, आईला होती. दह्याचे पातेले वरच्या खणात गेले. आत्याने तिला समजावून सांगितलेले मला आठवते, कारण मी दारात उभा राहून आंबोळी खात होतो. ती म्हणाली, “वहिनी, त्यांना वाटतंय बाहेर बर्फ आहे. त्यांना तसंच वाटू द्यायचं. बाकी काही करायचं नाही.” आई गंभीरपणे मान हलवून म्हणाली, “म्हणजे झोपवून ठेवायचंय.” त्यानंतर फ्रिजचे दार कुणी जोरात लावले तरी ती ओरडत असे.

आई अंधश्रद्ध नव्हती, हे इथे नमूद करणे मला अत्यावश्यक वाटते. त्याच भाद्रपदात गणपती दूध पितो अशी आवई उठली आणि सारे पनवेल वाट्या घेऊन देवळांपुढे रांगेत उभे राहिले, तेव्हा आई गेली नाही. दगड दूध पिऊ लागला तर गवळ्याने काय करायचे, असे म्हणून तिने त्या दिवशी घरातल्या दुधाची खीर केली. परंतु ग्रहण ही तिच्या लेखी श्रद्धेची नव्हे, स्वच्छतेची बाब होती. जसे हात धुवायचे, तसे ग्रहण पाळायचे. त्या वर्षी ग्रहण लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आले, म्हणजे वेध लागले ते ऐन फराळाच्या डब्यांवर. घरात मोठा खल झाला. चकल्या, अनारसे, चिवडा टाकून द्यायचा काय? तोडगा निघाला तुळशीच्या पानांचा. लक्ष्मीपूजन आटोपल्यावर आईने प्रत्येक डब्यात, प्रत्येक पातेल्यात, पाण्याच्या प्रत्येक भांड्यात एकेक पान ठेवले. सकाळी रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. एरवी स्टँडवरून येणारी हाळी बंद होती. मी आणि बाबा टीव्हीवर उत्तरेकडचे खग्रास ग्रहण पाहत होतो. मोक्ष झाल्यावर आईने स्नान केले, स्वयंपाकघर धुतले, फ्रिज धुतला. पुरुषांनी मध्ये येऊ नये म्हणून आम्हांला चहा बाहेरच मिळाला. इतके मी पाहिले. इतकेच मी पाहिले.

आत्या त्या दिवाळीला घरी नव्हती. खिंडी बर्फाने बंद होण्यापूर्वी उतारावर पुरून ठेवलेले तापमापक काढून आणणे भाग होते, म्हणून सुट्टी लागताच ती निघाली. भाऊबीजेला बहीण नाही म्हणून बाबा रुसले आणि त्यांनी ओवाळणीचे पाकीट तिच्या खोलीच्या दाराखालून आत सरकवले. पाडव्याच्या दिवशी विभागप्रमुख आले. ते यापूर्वी आमच्या घरी कधीही आलेले नव्हते. यावरूनच माझा संशय जागा झाला आणि तो चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. त्यांनी दोन चकल्या खाल्ल्या, बाबांशी तालुका कचेरीतल्या बदल्यांविषयी बोलले, आणि मग उठून हसत हसत म्हणाले की मॅडमनी घरी हिमालय आणून ठेवला आहे म्हणे, बघू तरी. आई पुरणाच्या चुलीशी होती. ते स्वयंपाकघरात शिरले, त्यांनी स्वतःच्या हाताने फ्रिज उघडला, क्षणभर वाकून पाहिले आणि दार लावले. ते लगेच बाहेर आले. चहाही न घेता गेले. ज्याला हवे ते दिसले आहे असा माणूस असाच जातो, अशी नोंद मी मनात केली.

आत्या परतली ती उन्हाने रापून, ओठ फुटलेली, पाठीवर तापमापकांची पिशवी. आई तुळशी वृंदावनाला गेरू लावत होती. आत्याने पिशवीही उतरवली नाही, सरळ फ्रिजकडे गेली. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेलो. ती खालच्या खणासमोर जमिनीवर बसली होती, एक बरणी मांडीवर, आणि फ्रिजचे दार सताड उघडे. मला पाहून तिने दार पायाने लोटले. मग ती उठली, सगळ्या बरण्या तिने टोपलीत भरल्या आणि वर नेल्या. संध्याकाळी तिने जेवताना एकच वाक्य सांगितले: प्रयोग संपला. बाबांनी विचारले, कसा? ती म्हणाली, बिघडला. आईच्या हातातला भाताचा डाव तसाच थांबला. “मी सांगत होते ना,” ती बाबांना म्हणाली, “तो मेला पाडव्याला उगीच नाही आला. त्यानंच फ्रिजात काहीतरी करून ठेवलंन.” आत्या खाली मान घालून जेवत राहिली. तिने पुन्हा भात मागून घेतला, हे मला तेव्हा खटकले. इतके नुकसान झालेला माणूस पुन्हा भात मागत नाही.

मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होतो. पुराव्याच्या कायद्याचे पुस्तक मी नुकतेच वाचून संपवले होते आणि ते वापरायला घरासारखे क्षेत्र नाही. दुसऱ्या दिवसापासून मी चौकशी आरंभली. वीज गेली होती काय? वायरमनने सांगितले की दिवाळीत आळीची वीज गेली असती तर लोकांनी त्याला तळ्यात बुडवला असता. बाबांचे म्हणणे असे पडले की सरकारी नोकराच्या घरातून कुणाविरुद्ध लेखी काही जाऊ नये, संशय आहे तर तो तोंडी ठेवावा. आईला मी विचारले, दिवाळीत फ्रिजचा प्लग काढला होतास? नाही. परक्या कुणी फ्रिजला हात लावला? तिने ठामपणे विभागप्रमुखांचे नाव घेतले. माझे दोन्ही प्रश्न नेमके होते आणि तिची दोन्ही उत्तरे सत्य होती. आळीतल्या एका गृहस्थाने मात्र मला कोपऱ्यात घेऊन निराळेच सुचवले. गच्ची सामाईक आहे, तो म्हणाला, आणि त्या घरातला मुलगा हातचलाख आहे. दिवस कसे आहेत ते तू जाणतोस. मुंबईतल्या दंगलींना फार वर्षे झाली नव्हती, आणि शेजाऱ्याचे नाव घेणे तेव्हा फार सोपे झाले होते. मी त्याला लेखी दे म्हटले. तो निघून गेला. तरीही, साक्षीदार म्हणून हमीदाचाचीची जबानी घेणे मला क्रमप्राप्त वाटले, आणि मी गच्चीवर गेलो.

ती बोंबील उलटे करीत होती. मी कठड्याशी उभा राहून, अत्यंत मोघम शब्दांत, दिवाळीच्या दिवसांत तिच्याकडच्या कुणाचे आमच्या बाजूला येणे-जाणे झाले होते काय, असे विचारले. तिने बोंबील खाली ठेवला.

“माज्या पोरावर इल्जाम ठेवायला आलास, अवी?”

मी म्हटले, इल्जाम नाही, फक्त माहिती.

“मग माहिती घे. पोरगा दिवालीत दुकानातनं उठला नाय, सगल्या हिंदूंची घड्यालं त्यालाच नीट करायची व्हती. आनि तुमच्या बरण्या म्हनशील तर त्या हितं व्हत्या.” तिने आमच्या गच्चीतल्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवले. “गिराण सुटलं, तुजी आई नाहून आली, पाटावर वली मलमल हातरलीन आनि एकेक बरणी मांडलीन. ऊन दाखवाया. मला म्हनली, हमीदा, तुजी सुकट पलीकडं घे, वन्संच्या बियांना वास लागंल. मी घेतली सरकवून. आमची सुकट, आनि वास लागनार तुमच्या मातीला.”

मी विचारले, आणि मग परत कधी नेल्या?

“परत कुठं ठेवनार? फ्रिजात तुमच्या मामाची बासुंदी व्हती, पातेलं ह्ये एवढं. भाऊबीज झाली, मग नेल्या. रोज सकाली येऊन पानी शिंपडायची. नेताना मला बोलवून दाखवलंन, बघ गं, कोंब आलं. तुजी आई काय खूश झाली व्हती. म्हनली, गिराणातनं वाचलं बघ.” मग ती माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, “तोंड का असं झालं रे तुजं? रुजलं तर वाईट काय त्यात?”

त्या क्षणी मला दोन गोष्टी एकत्र समजल्या. विभागप्रमुख पाडव्याला फ्रिजवर वाकले तेव्हा खालच्या खणात बरण्या नव्हत्याच. आणि माझ्या खोलीत, पाकिटात घालून, तिकीट लावून ठेवलेल्या सात पानी तक्रारअर्जातला पहिला मुद्दा, म्हणजे त्यांनी बियांची नासधूस केली हा, टिकण्याजोगा नव्हता. तो मी त्याच दुपारी काढून टाकला. दुसरा मुद्दा शीतकपाटाचा होता. तो मी आजतागायत काढलेला नाही.

आत्याकडे मी हे सर्व घेऊन गेलो, जसा वकील अशिलाकडे जातो तसा. ती खिडकीशी बसून तापमापकांवरची माती ब्रशने काढत होती. माझे ऐकून घेऊन ती म्हणाली, “माहीत आहे. प्रत्येक बरणीत तुळशीचं पान होतं.”

ती पाने कुठे आहेत, असे मी विचारले. तिने ती आल्या दिवशीच वाळूबरोबर परसात टाकली होती. मी संतापलो. पुरावा नष्ट करणे म्हणजे काय ते मी तिला कलमासह सांगितले.

“मग मला अटक कर,” ती म्हणाली. “पण वहिनींना यातला एक शब्दही बोलायचा नाही. त्यांनी मला मुरंब्याच्या बरण्या दिल्या, त्यांनी सोडे बाहेर टांगले, आणि ग्रहणातून माझ्या बिया वाचवल्या असं त्यांना वाटतं. ते तसंच राहू दे.” मग ब्रश खाली ठेवून तिने हातातल्या तापमापकाकडे पाहिले. “बियांना वाटलं हिवाळा संपला. म्हणून सगळ्या एकदम जाग्या झाल्या, आणि पुन्हा थंडीत सापडल्या. अवी, मला हेच तर सिद्ध करायचं होतं. तिकडे डोंगरावर हेच होणार आहे. फरक इतकाच, की तिकडे कुणी मायेने करणार नाही.”

तिने पुन्हा ब्रश उचलला. खाली आई पाट्यावर ओल्या नारळाची चटणी वाटत होती, आणि वरवंट्याच्या घासण्यावरून मला समजत होते की ती अजून विभागप्रमुखांवर चिडलेली आहे.

सरकारी निधीचा प्रकल्प बिघडला म्हणून संस्थेची चौकशी समिती बसली. ती तीन जणांची होती: अध्यक्षस्थानी चिटणीस, डावीकडे विभागप्रमुख, उजवीकडे वर उल्लेखलेले तिसरे सदस्य. ज्याच्या ताब्यात बियांचे शीतकपाट आहे तोच न्यायासनावर, ही एकच बाब त्या कार्यवाहीला रद्दबातल ठरवण्यास पुरेशी होती, आणि तसा लेखी आक्षेप मी दारातच शिपायाच्या हाती दिला. मला आत जाऊ दिले नाही. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. माझ्या समोर, हाताच्या अंतरावर, ते शीतकपाट मंद घुमत होते. झरोके उघडे असल्याने आतले शब्द बाहेर येत होते.

विभागप्रमुखांनी शांतपणे सांगितले की त्यांनी स्वतः पाडव्याला फ्रिज उघडून पाहिला होता आणि त्यात बरण्या नव्हत्या. चिटणीस म्हणाले, मॅडम, मग बरण्या कुणी बाहेर काढल्या? आत्याकडे तेव्हा अनेक उत्तरे होती. वीज गेली म्हणता आले असते. माहीत नाही म्हणता आले असते. खरे सांगता आले असते, आणि मग त्या तिघांनी माझ्या आईला त्या टेबलासमोर उभे करून तुळशीच्या पानांविषयी प्रश्न विचारले असते, आणि संध्याकाळपर्यंत सारे गाव हसत सुटले असते.

“माझ्या सांगण्यावरून काढल्या,” ती म्हणाली. “जबाबदारी माझी आहे.”

पुढे दोन-तीन वाक्ये झाली. सरकारी पैशांवरचा प्रकल्प स्वयंपाकघरात चालवणे हा हलगर्जीपणा आहे, असे चिटणीस म्हणाले. आणि ह्या वाक्यानंतर त्यांनी घंटी वाजवली. शिपाई बाहेर आला, माझ्यासमोर त्याने शीतकपाटाचे काचेचे दार उघडले आणि समितीसाठी तीन थंड बाटल्या आत नेल्या. चौथी नेली नाही.

प्रकल्प बंद झाला. त्या उतारावर पुन्हा जाण्यासाठी तिला रजा मिळाली नाही, आणि मागितली तेव्हा अहवालाकडे बोट दाखवण्यात आले. माझा तक्रारअर्ज मी तरीही पाठवला. बाबांनी पोस्टमनला गाठून तो परत मिळवला आणि मला न सांगता जाळला, ही त्यांची मर्यादित जबाबदारी. नॉर्वेच्या बाईचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात टुंड्राचा अर्धा भाग होता, पर्वतांचा नव्हता. आत्याने निवृत्तीपर्यंत बारावीच्या मुलांना पेशीविभाजन शिकवले, आणि उत्तम शिकवले. आई अखेरपर्यंत विभागप्रमुखांच्या नावाने बोटे मोडत राहिली. ते वारले तेव्हा मात्र ती म्हणाली, “जाऊ दे, सुटला,” आणि आत्या उठून आत गेली. आता दोघीही नाहीत. म्हणून मी मौनातून मुक्त आहे.

मी हे आजच का लिहितो? गेल्या महिन्यात संस्थेची स्मरणिका माझ्या हाती आली. संस्थेने हवामानबदल अभ्यासकेंद्र उघडले आहे. केंद्राला अध्यक्षांचे, म्हणजे त्या चिटणीसांचे नाव दिले आहे. आतल्या पानावर ‘आमची परंपरा’ ह्या शीर्षकाखाली सुधाआत्याचे छायाचित्र आहे, आणि त्याखाली छापले आहे की त्यांनी ह्या विषयावर आरंभीचे काम केले, परंतु कौटुंबिक कारणांमुळे त्यांना ते पुढे नेता आले नाही. कौटुंबिक कारणांमुळे. म्हणजे आमच्यामुळे. म्हणजे, ज्या घरात मुरंब्याच्या बरण्या धुऊन दिल्या गेल्या त्या घरामुळे.

मी अध्यक्षांना नोंदणीकृत टपालाने पत्रे पाठवली. पोचपावत्या आल्या, उत्तर आले नाही. केंद्राचे उद्घाटन येत्या महिन्यात आहे आणि समारंभ सर्वांना खुला आहे, असे निमंत्रणपत्रिकेत म्हटले आहे. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. माझी मागणी खाजगी खुलाशाची नाही, तो आता मी स्वीकारणारही नाही. अध्यक्षांनी ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून, पनवेलकरांच्या देखत सांगावे: बियांसाठी आलेले शीतकपाट त्यांच्या दाराबाहेर कुणाच्या हुकमाने गेले, ते विभागात परत का गेले नाही, आणि हिमालयातल्या एका उताराचा हिवाळा माझ्या आईच्या दह्याच्या पातेल्याखाली ठेवावा लागला, तेव्हा त्या काचेच्या दाराआड त्यांनी काय थंड ठेवले होते.